जखम कोण भरतं?



6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत जो कोणी उभा राहिला आहे, त्याला पायाचा फोड काय असतो हे सांगावं लागत नाही. रात्रभर रेल्वेत उभ्याने आलेली माणसं, पायात नवी चप्पल नाहीतर झिजून गुळगुळीत झालेली जुनी, आणि तासन्‌तास पावला-पावलाने सरकणारी रांग. आम्ही मलमपट्टीचा डबा घेऊन बसतो तेव्हा सगळ्यात जास्त काम टाचेच्या आणि अंगठ्याखालच्या फोडांचंच असतं. आणि जवळपास प्रत्येक जण येऊन एकच सांगतो, "सिस्टर, फोडून टाका आणि काहीतरी लावा."

आम्ही फोडत नाही आणि फारसं काही लावतही नाही. लोक नाराज होतात. का लावत नाही, हे रांगेत उभ्या माणसाला दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सगळं पान त्यालाच देत आहोत.

आपली कातडी म्हणजे एकसंध कापड नव्हे. ती पेशींची बनलेली आहे, एकीला एक खेटून, थरावर थर. पेशी इतकी लहान की पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये तीस-चाळीस सहज ओळीने बसतील. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली इवलीशी पिशवी असं समजलात तर फार चुकणार नाही. मग प्रश्न येतो की पाण्याच्या पिशव्यांवर आपण दिवसभर उभे राहतो, ओझी उचलतो, तरी त्या फुटत का नाहीत?

कारण प्रत्येक पेशीच्या आत सांगाडा आहे. पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री टाकताना आपण बांबू लावतो आणि दोऱ्या ताणतो. पेशीच्या आतही तसंच आहे, फक्त तीन प्रकारचा माल आहे. पहिला केराटिनचा जाड दोर, ताण सहन करणारा. आपली नखं आणि केस याच केराटिनचे. दुसरे ॲक्टिनचे बारीक धागे. हे सारखे जोडले जातात, सारखे सुटतात, आणि पेशीला हलायला हेच लागतात. तिसऱ्या पोकळ नळ्या. पेशीच्या आत माल इकडून तिकडे नेण्याच्या या वाटा.

पण नुसता आतला सांगाडा पुरत नाही. बस्तीत एकटं पत्र्याचं घर वादळात उडतं, पण दोन्ही बाजूंना घरं असलेलं तग धरतं, कारण भिंती सामायिक असतात. कातडीच्या पेशीही शेजारणीला बटणांनी जोडलेल्या असतात. या बटणाला डेस्मोसोम म्हणतात. गंमत अशी की आतला केराटिनचा दोर थेट या बटणाला येऊन बांधलेला असतो. या पेशीचा दोर, बटण, पलीकडच्या पेशीचा दोर, पुन्हा बटण, असं ते जाळं सगळ्या कातडीभर पसरलेलं आहे. एका ठिकाणी चिमटा काढला तर ताण शेकडो पेशींत वाटला जातो. सगळ्यात खालच्या थराच्या पेशींना तळाशी वेगळे आकडे असतात, ते खालच्या मांसाला धरून ठेवतात.

आता रांगेतला फोड. चप्पल एका दिशेला ओढते, हाड दुसऱ्या दिशेला सरकतं, मधली कातडी हजारदा मागेपुढे घासली जाते. घामाने ओली असेल तर आणखी जास्त. शेवटी कातडीच्या मधल्या थरात पेशी एकमेकींपासून फाटतात आणि त्या फटीत अंगातलं पाणी भरतं. वरचं छत मात्र शाबूत असतं. ते छत म्हणजे निसर्गाने फुकट दिलेली, आतून निर्जंतुक असलेली पट्टी आहे. त्याखाली काम सुरू झालेलं असतं. आपण फोडतो तेव्हा ते छत उडवून आत रस्त्यावरची धूळ घालतो. म्हणून फोड धुवायचा, कोरडा टिपायचा, वर सैल गॉज बांधायचा आणि चप्पल बदलायची. फार मोठा असेल, फुटायला आला असेल, तर दवाखान्यात स्वच्छ सुईने पाणी काढतात, पण छत तसंच ठेवतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही मुलांना जन्मापासून जराशा घासण्याने फोड येतात, कपड्याच्या शिवणीनेसुद्धा. त्यांच्यात या दोरात किंवा आकड्यात जन्मतः दोष असतो. काही मोठ्या माणसांना चाळिशी-पन्नाशीत तोंडात आणि अंगावर फोड येऊ लागतात. त्यांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून त्या बटणांवरच हल्ला करत असते. हा दुसरा आजार औषधांनी आटोक्यात येतो, उशीर केला तर जीवावर बेततो. दोन्ही शिवल्याने पसरत नाहीत. करणी नाही, देवीचा कोप नाही, मागच्या जन्माचं पाप तर नाहीच नाही. अशा मुलाला वेगळं ताट-वाटी देणारं घर आपल्याच बस्तीत आम्ही पाहिलं आहे, म्हणून लिहिलं. अशा वेळी गंडेदोऱ्यात दिवस न घालवता मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचाविभाग गाठायचा.

आता जखमेकडे येऊ. समजा पत्र्याने पाय कापला. रक्त गोठतं. काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि सरपटत जखमेत येतात. हो, सरपटत. त्यांना पाय नाहीत. पेशी पुढचा काठ लाटलेल्या पोळीसारखा पातळ पसरते. आतले ॲक्टिनचे धागे पुढच्या टोकाला वाढत जातात आणि काठ पुढे ढकलतात. मग पुढे जमिनीला पकड घ्यायची, मागचं अंग ओढून घ्यायचं, मागची पकड सोडायची. पुन्हा पुढे. पांढरी पेशी मिनिटभरात साधारण स्वतःच्या अंगाएवढं अंतर कापते. जंतू खाते आणि बऱ्याचदा तिथेच मरते. पू दिसतो तो मुख्यतः याच मेलेल्या पेशींचा.

त्याच वेळी जखमेच्या काठावरच्या कातडीच्या पेशींत मोठा बदल होतो. एरवी या शेजारणींना धरून राहणाऱ्या. पण शेजारी रिकामी जागा झाली हे कळताच दिवसभराच्या आत त्या शेजारणीची बटणं सैल करतात, तळाचे आकडे सोडतात, आतला सांगाडा मोडून नव्याने मांडतात, चपट्या होतात आणि ओल्या जमिनीवरून जखमेच्या मध्याकडे निघतात. मागच्या पेशी दुभंगून नव्या पेशी तयार करतात, म्हणजे पुढची रांग तुटत नाही. खालून दुसऱ्या पेशी येऊन चिवट तंतूंची जाळी विणतात. त्यालाच आपण लाल दाणेदार मांस म्हणतो, आणि ते दिसलं की आम्हा नर्सेसना बरं वाटतं. याच पेशींपैकी काही जखमेचे काठ दोरी ओढावी तसे आत ओढतात. त्या तंतूंना सी जीवनसत्त्व लागतं. लिंबू, पेरू, आवळा यांना महागाची टॉनिकं हरवू शकत नाहीत. डाळ, अंडं, मासे यांतली प्रथिनं तर लागतातच.

तर जखम भरतं कोण? मलम नव्हे. मलम जखमेला ओल देतं, जंतू कमी करतं, पण जखम भरतात त्या काठावरून सरपटत येणाऱ्या जिवंत पेशी. एवढं एक लक्षात ठेवलं तर घरातली कुठलीही वस्तू जखमेवर लावावी की नाही याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. यावरून पेशी चालू शकेल का? चुन्याने ती जळते. तंबाखू आणि राखेत ती अडते. टूथपेस्टचा सुकून थर होतो. शेण लावलं तर धनुर्वाताच्या जंतूंना आपणच बोलावणं पाठवतो. हळदीचे गुण आम्ही नाकारत नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि रक्तात कालवून तिची खपली होते.

आता आमची स्वतःची चूक. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा वॉर्डात रोज सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर फेस येणाऱ्या औषधाची बाटली असायची. जखमेवर ओतायचं, पांढरा फेस यायचा, पेशंटलाही वाटायचं की घाण निघतेय. त्यावर कोरडा गॉज ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो चिकटलेला असायचा, आम्ही एका झटक्यात ओढायचो, थोडं रक्त यायचं. "रक्त येतंय म्हणजे जखम जिवंत आहे," असं आम्ही वरून सांगायचो. कित्येक वर्षं हे केलं. पुढे अभ्यास केला तेव्हा कळलं की ते फेसाचं औषध जंतूंबरोबर काठावरच्या चालत्या पेशींनाही मारतं, आणि गॉजबरोबर आम्ही रात्रभर पुढे आलेल्या पेशींची रांगच उपटून काढत होतो. त्या जखमा आमच्यामुळे नाही, आमच्या हातून सुटून भरल्या.

आणि हे ज्ञान काही कालचं नाही. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर सारख्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लास्टिक चिकटवून त्या ओल्या ठेवल्या. झाकलेल्या जवळपास दुप्पट वेगाने कातडीने भरल्या. कारण सोपं आहे. कोरड्या जखमेवर खपली धरते आणि पेशींना खपलीखालून, जिथे ओल आहे तिथून, वाट कोरत जावं लागतं. ओल्या जखमेवरून त्या सरळ जातात. म्हणून "जखमेला हवा लागू द्या, सुकू द्या" हा सल्ला आजीचा असला तरी मानायचा नाही. ओली म्हणजे गळकी मात्र नव्हे. पाणी वाहत असेल, गॉज चिंब होत असेल, तर तो लवकर बदलायचा.

मळकी जखम पहिल्यांदा भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. त्यानंतर रोज उकळून गार केलेलं पाणी किंवा दवाखान्यातलं सलाईन पुरतं. गॉज चिकटला तर ओढू नका, त्याच पाण्याने भिजवा, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटतो. डॉक्टरांनी एखादं जंतुनाशक लिहून दिलं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, पण "किती दिवस लावायचं?" हे जरूर विचारा.

दोन्ही काठांकडून आलेल्या पेशी मध्ये भेटल्या की काय होतं? त्या थांबतात. शेजारणीचा स्पर्श झाला की सरपटणं बंद, बटणं पुन्हा लागतात, सांगाडा पुन्हा ताणला जातो. हे भेटून थांबणं शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात काचेच्या तबकडीत पेशी वाढवून पाहिलं. ज्या पेशी हे थांबणं विसरतात, शेजारणीची बटणं सोडून वाट फुटेल तिकडे निघतात, त्यांनाच आपण कर्करोग पसरला असं म्हणतो. तंबाखू, मिश्री, खर्रा, गुटखा यांनी तोंडातल्या पेशींना हीच विस्मृती येते. सुपारी वेगळंही नुकसान करते. गालाच्या आत तंतू विणणाऱ्या पेशी थांबतच नाहीत, गाल कडक होत जातो आणि तोंड उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडातली जखम, पांढरा अथवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दुखत नसलं तरी दाखवायचंच. दुखत नाही म्हणून थांबलेली माणसं आम्ही फार पाहिली.

न दुखण्याचा धोका तोंडापेक्षाही पायाला जास्त आहे. साखरेचा आजार असेल तर वर सांगितलेलं प्रत्येक काम बिघडतं. पांढऱ्या पेशी मंद सरपटतात, म्हणून जंतू मोकळे राहतात. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, विडी-सिगारेट त्यात भर घालते. काठावरच्या पेशींचं तर विचित्र होतं. त्या वाढतात, पण पुढे सरकत नाहीत. म्हणून शुगरच्या जखमेभोवती जाड, पांढरट, कडक कडा साचते. डॉक्टर ती कडा तासून काढतात तेव्हा घरचे घाबरतात, "जखम मोठी केली" म्हणून भांडतात. भांडू नका. ती अडून बसलेली रांग बाजूला केल्याशिवाय नवी रांग निघत नाही.

आणि नस. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नसेची पेशी जवळपास मीटरभर लांब असते. बोटाकडच्या टोकाला लागणारा सगळा माल त्या पोकळ नळ्यांच्या वाटेने वरून जातो. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांब नसा आधी थकतात, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांची अखेरची वर्षं कठीण केली. वेदना होतात तोवर निदान माणूस पाय जपतो. पुढे वेदनाही जाते, आणि मग चपलेत शिरलेला खिळा संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसल्यावर कळतो.

नळ्यांचा विषय निघालाच आहे तर सदाफुलीबद्दल. आपल्याकडे तेलाच्या डब्यात सदाफुली लावलेली असते आणि शुगरसाठी रोज तिची पानं चावणारे बरेच आहेत. याच झाडापासून रक्ताच्या कर्करोगावरचं एक जबर इंजेक्शन बनतं, आणि ते काम करतं पेशींच्या या नळ्या मोडून. त्या इंजेक्शनने हातपाय बधिर होतात हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही माहीत आहे. ज्याच्या नसा आधीच थकल्या आहेत त्याने अशा झाडाची पानं मोजमाप न करता का खावीत? फूल दारात छान दिसतं, तिथेच राहू द्या.

तळपायाची जखम आणखी एका कारणाने हट्टी असते. अंगावर इतरत्र खरचटलं तर केसांच्या मुळांतूनही नव्या पेशी निघतात, म्हणून तिथे जखमेच्या मध्येच कातडीची बेटं दिसतात. तळपायाला केस नाहीत. तिथे मुख्य भिस्त काठावर. आणि त्या काठावरून निघालेली पेशींची एकेरी रांग आपण प्रत्येक पावलाला अंगाच्या सगळ्या वजनाने चिरडतो. दुखत नसल्याने चालत राहतो. कितीही भारी मलम आणा, भार काढला नाही तर ती जखम भरत नाही.

"पाय वर ठेवून बसा" म्हणणं आम्हाला सोपं आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला, कंत्राटावर कचरा उचलणाऱ्या दादाला ते सांगताना आमची जीभ अडखळते. तरी काही करता येतं. काठी किंवा कुबडी घ्यायची. जखमेच्या जागेवरचा दाब काढणारं ड्रेसिंग किंवा प्लास्टर रुग्णालयात करून देतात का ते विचारायचं. मऊ रबराची एमसीआर चप्पल कुष्ठरोगाच्या आणि शुगरच्या पेशंटसाठीच असते, तिची चौकशी करायची. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, आत हात फिरवून पाहायचा, सुती मोजा घातल्याशिवाय घालायचा नाही, आणि पाय ओला झाला की मोजा बदलायचा. कामावर बदली मागायला चिठ्ठी लागत असेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्यायची. लाज वाटायचं कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिवीस या भिक्खूची हकीकत आहे. चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून इतकं रक्त वाहिलं की वाट लाल झाली. तथागतांनी त्याला जोडा घालायची परवानगी दिली. तो म्हणाला, एकट्याला नको, तेव्हा सगळ्या संघालाच दिली.

शुगर असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री दिव्याखाली तळपाय आणि बोटांमधल्या फटी पाहायच्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, किंवा नातवाला पाहायला सांगा, पोरांची नजर चांगली असते. जखम असेल तर दर रविवारी तिची लांबी-रुंदी पट्टीने, जखमेला न टेकवता, मोजून वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. चांगली चाललेली जखम चार आठवड्यांत निम्म्यावर यायला हवी. आली नाही तर त्याच मलमाची दुसरी ट्यूब आणू नका, मोठ्या रुग्णालयात जा. आणि वास येऊ लागला, बोट काळं-निळं पडलं, लाली वर चढू लागली, ताप आला, तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी. जाताना ती वही सोबत न्या, आणि शेवटचं ड्रेसिंग कधी बदललं तेही तिच्यात लिहून ठेवा.